चप्पल घालता घालता

'आणि नासलं तर?'
ढमढेरे दारात म्हणाले होते,
एका पायात चप्पल, दुसरी शोधत.
तोवर सह्या झाल्या होत्या,
एकशे ब्याऐंशी पानांवर, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात.
कप गोळा करणारा पोऱ्यासुद्धा थांबला होता
शेवटची सही वाळेपर्यंत.

मी तेव्हा ट्रेनी. बैठकीचं टिपण माझ्याकडे.
वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: नासलं तर?
टाइप करताना समास टाइप करत नाहीत.

मग हिंजवडीत सहाव्या मजल्यावरून
गरजा पाचव्यावर उतरल्या, आराखडा झाल्या.
आराखडा चौथ्यावर कोड झाला.
दर मजल्याला एक सही, एक केक,
आणि जिन्याचं दार, जे उतरणाऱ्यालाच उघडतं.
वर जायचं तर कार्ड लागतं,
कार्ड हेरंब टिळेकरांकडे.
त्यांच्या भिंतीवर चित्र होतं, पायऱ्यापायऱ्यांचा धबधबा,
निळे बाण, सगळे खाली तोंड करून.
'पाणी कधी वर चढतं का?' ते विचारायचे
आणि आम्ही नव्यांनी हसायचं असायचं.

माणसंही उतरतात.
मी आले तळमजल्यावर, टेस्टिंगला,
आणि चौदा महिन्यांनी मागोमाग मांजरीचं दूध आलं:
सकाळचं, संध्याकाळचं, गाईचं, म्हशीचं,
फॅट, एसएनएफ, दर, पै न् पै बरोबर.
कोड नसीम बागवानचा. नसीम चुकत नाही.

एकदा जेवणानंतर, कुणी सांगितलं नसताना,
मी लिटरच्या रकान्यात टाकलं उणे बारा.
रकाना लाल.
दूध येतं. दूध परत जात नाही.
पान सत्तेचाळीस, कलम चार-तीन-दोन.

बग नोंदवला. नसीमनं परत पाठवला:
लिहिल्याप्रमाणे चालतंय.
खरंच चालत होतं.
मुग्धा शेजवलकरांनी आराखडा उघडून दाखवला,
तिथंही लिहिल्याप्रमाणे.
टिळेकरांनी हिशोब मांडला:
एक उणे चिन्ह, साडेतीन महिने,
वर ढमढेऱ्यांना नवं बिल.
'त्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं.'

वही माझ्या पिशवीत होती.
मी पिशवीची चेन लावली.

रविवारी नसीम मला कात्रजच्या तलावावर घेऊन गेली.
इथून जुनं पाणी निघायचं, नुसत्या उतारानं,
जमिनीखालच्या नळातून पार पेठांतल्या हौदांपर्यंत,
टप्प्याटप्प्याला गाळ बसवत.
'बघ, एकदाही मागं वळलं नाही,' मी म्हणाले,
थोडं टिळेकरांच्याच आवाजात.
'पण उच्छ्वास होते ना मधे मधे,' ती म्हणाली,
'कोंडलेली हवा जायला.
वाकून आत बघता यायचं, काय चाललंय ते.'
मग आम्ही कणीस खाल्लं.
तिखट जास्त झालं होतं, तेवढंच बोललो.

शेवटी बसवलं. पेढे वाटले, संस्थेच्याच दुधाचे.
अहवालावर हिरव्या खुणा:
वेळेत, खर्चात, लिहिल्याप्रमाणे.
संगणकाला खेटून एक लाल बांधणीची वही,
सुतळीला पेन्सिल.
मी उघडली.
यशोदा कोद्रे, बारा लिटर, नासलं, परत.
त्याखाली अजून. मागच्या पानावर अजून.
ढमढेऱ्यांचं अक्षर बारीक, पण उणे चिन्ह
ऐसपैस, दुपारी ओट्यावर आडवं पडल्यासारखं.

निघताना दारात, एका पायात चप्पल,
मी विचारलं, 'अजून काही राहिलंय का सांगायचं?'

'सह्या झाल्या ना तुमच्या सगळ्या?'

'झाल्या.'

'मग या आत,' ते म्हणाले. 'आता सांगतो.'

मी चप्पल काढली.